घोडा, उंट आणि आमची गाडी

जुनी वस्तू ठेवावी की विकावी, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा आहे. दुरुस्तीवर वर्षाला किती गेले, विकल्यास किती येतील, दुसरी घ्यायची तर हप्ता किती बसेल, एवढे कागदावर मांडले की उत्तर मिळायला हवे. पण वस्तू बेभरवशाची असेल तर हिशेब तिथे संपत नाही. मोडलेली वस्तू मोडलेली दिसते. बेभरवशाची वस्तू मात्र चांगल्या वस्तूसारखीच दिसते. तिचा ऐब फक्त मालकाला ठाऊक असतो.

आमच्या घरी अशी एक गाडी आहे. तेरा वर्षांची, सेकंडहँड घेतलेली. रे रोडला राहणाऱ्या शिक्षकाला मोटार हवीच कशाला, हार्बरची लोकल आहे की, असे कुणीही म्हणेल. आम्हीही शाळेला लोकलनेच जातो. गाडी घेतली ती अम्मींसाठी. त्यांच्या गुडघ्यांना स्टेशनचे जिने झेपत नाहीत. आठ-दहा दिवस गाडी छान चालते. मग एखाद्या दिवशी सिग्नलला बंद पडते आणि अर्धा तास हूं की चूं करत नाही. गॅरेजमध्ये नेली की पहिल्या चावीला सुरू. तीन मेकॅनिकांनी तपासली. एकाने वायरिंगला दोष दिला, दुसऱ्याने पेट्रोल पंपाला, तिसऱ्याने आमच्या नशिबाला.

आता एक गिऱ्हाईक आले आहे. दारुखान्यात लोखंडाच्या गोदामात कामाला असलेला तरुण. वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचे म्हणून त्याला गाडी हवी आहे. त्याने फेरी मारून पाहिली, टायर पाहिले, विमा विचारला, मायलेज विचारले. सत्तर हजार द्यायला तो तयार आहे. गाडी अधूनमधून बंद पडते का, एवढेच त्याने विचारले नाही. भाईजान म्हणतात, "त्याने विचारले नाही, आपण खोटे बोललो नाही. तेरा वर्षांची गाडी कशी असते हे त्यालाही कळते." या युक्तिवादात दम नाही असे म्हणता येणार नाही. म्हणूनच तो नीट तपासायला हवा.

कायदा बऱ्याच अंशी भाईजानच्या बाजूचा आहे. १८७२ सालचा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या सतराव्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते सांगितले आहे, आणि खाली उदाहरणे आहेत घोड्याची. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. लगेच दुसरे उदाहरण येते. घेणारी त्याचीच मुलगी असेल, नुकतीच सज्ञान झालेली, तर मात्र दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तिसऱ्या उदाहरणात घेणारा म्हणतो, "तुम्ही नाही म्हटले नाही तर मी घोडा निर्दोष समजेन." अशा वेळी विकणाऱ्याचे मौन हे बोलण्यासारखेच धरले जाते.

घोडा तोच, दोष तोच, मौनही तेच. बदलले ते फक्त नाते. परक्याच्या बाबतीत जे चालते ते मुलीच्या बाबतीत चालत नाही, हे कायद्यालाही मान्य आहे. म्हणजे मौन निरुपद्रवी आहे असे कायदा म्हणत नाही. न्यायालय कुठवर हात घालील, एवढीच सीमा तो आखतो. त्या सीमेपलीकडे कुणाला मुलीच्या जागी मानायचे, हे आपल्यावर सोडलेले आहे.

फिक्हमध्ये याच प्रश्नाला खियार-ए-ऐब हे नाव आहे. विकणाऱ्याच्या ताब्यात असतानाच वस्तूत ऐब होता, घेणाऱ्याला तो माहीत नव्हता, आणि त्याने किंमत उतरते असे व्यापारी मानतात, तर घेणाऱ्याला वस्तू परत करता येते. हनफी फिक्हमध्ये सगळ्या ऐबांची जबाबदारी झटकणारी अटही मान्य आहे. 'जैसी है वैसी' म्हणून व्यवहार करता येतो. पण अशी अट घालणे आणि माहीत असलेला ऐब तोंडाने सांगणे, या दोन गोष्टी आम्हाला एकसारख्या वाटत नाहीत.

इमाम गझालींनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये हजरत वासिला बिन अस्का (रजि.) यांची एक हकीकत दिली आहे. त्यांच्यासमोर एका माणसाने आपला उंट तीनशे दिरहमला विकला. घेणारा निघून गेला. वासिला त्याच्यामागे धावले आणि विचारते झाले, उंट मांसासाठी घेतलास की सवारीसाठी? सवारीसाठी, तो म्हणाला. तेव्हा त्यांनी सांगितले की त्याच्या पायाच्या तळव्याला छिद्र आहे, लांबचा प्रवास त्याला झेपणार नाही. घेणारा परतला, आणि विकणाऱ्याला शंभर दिरहम कमी करावे लागले. तो चिडला, माझा सौदा बिघडवलात म्हणाला. लक्षात घ्या, वासिला ना विकणारे होते, ना घेणारे. ते केवळ जाणणारे होते, आणि जाणणे हीच त्यांनी जबाबदारी मानली.

त्यांच्या प्रश्नातला बारकावा दारुखान्याशेजारी राहणाऱ्यांना लवकर कळावा. इथे जहाजे तोडली जातात. १९६१ साली नौदलात आलेली आणि १९९७ साली निवृत्त झालेली 'विक्रांत' २०१४ साली सुमारे ६० कोटी रुपयांना भंगारात विकली गेली आणि इथेच तोडली गेली. त्या सौद्यात इंजिन चालते का, हे सांगण्याचा प्रश्नच नव्हता, कारण घेणाऱ्याला लोखंडच हवे होते. भंगारवाल्याला आमच्या गाडीचा ऐब ऐब वाटणार नाही. डायलिसिसला जाणाऱ्या माणसाला तोच जिवावर बेतणारा ठरू शकतो. ऐब नुसता वस्तूत नसतो. घेणारा तिच्यावर कोणता भरवसा टाकतो, त्यातही तो असतो.

भाईजानचा दुसरा मुद्दा उरतो: जुन्या गाडीच्या भावात जोखीम धरलेलीच असते. अमेरिकेत बेभरवशाच्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली याच लिंबांवर एक लेख लिहिला, आणि २००१ साली त्याला अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. गाडीचे खरे रूप विकणाऱ्यालाच ठाऊक असते, म्हणून घेणारा सरसकट कमी भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि लिंबे उरतात. म्हणजे भावात जोखीम धरलेली असते हे खरे, पण ती कुठल्याही तेरा वर्षांच्या गाडीची. आमच्या या गाडीची जोखीम आम्हालाच ठाऊक आहे. आमच्या मौनाची किंमत तो तरुण तर देईलच, शिवाय उद्या प्रामाणिकपणे गाडी विकणाराही देईल.

मग गाडी ठेवून देणे हाच पुण्याचा मार्ग का? तसेही नाही. गाडी ठेवली तर अम्मी भर रस्त्यात अडकतील, तेही ओझेच. ते कुणाच्या डोक्यावर ठेवायचे, एवढाच खरा प्रश्न आहे. ठेवली तर ते आमच्या डोक्यावर. न सांगता विकली तर त्या तरुणाच्या, आणि त्याला ते उचलल्याचेही कळणार नाही. सांगून विकली तर ते किमतीत उतरते आणि दोघांत वाटले जाते.

आम्ही बयाणा घेण्याआधी त्याला सगळे सांगणार आहोत: किती दिवसांनी बंद पडते, किती वेळ, मेकॅनिक काय म्हणाले. तो सत्तरऐवजी चाळीस म्हणेल, किंवा येणारच नाही. तीस हजार आमच्या घरात लहान रक्कम नाही. मुलीच्या वर्षभराच्या शिकवणीला ती पुरते. भाईजान नाराज आहेत. त्यांनी विचारले, "तो आपला कोण लागतो?" तो कोणत्या जमातीचा, कोणत्या धर्माचा, हे इथे मुद्दामच लिहिलेले नाही. कारण ते लिहिल्याने उत्तर बदलणार असेल, तर आम्ही ऐब फक्त गाडीतच शोधत होतो असे म्हणावे लागेल.