पहाणीवरचं नाव

येळवसेला आम्ही लातूरहून उदगीरमार्गे कर्नाटकातल्या भालकी तालुक्यातल्या गावी निघालो. मागच्या सीटवर हक्कसोडीचे कागद होते. आजोबा लातूरला आले, त्यांचे धाकटे भाऊ गावीच राहिले. जमीन त्यांची मुलं कसतात, पण पहाणीवर, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्यावर, अजून दोघांचीही नावं आहेत.

"सही करून टाका, अण्णा," मी वडिलांना म्हणाले. "सामायिक नावापायी काकांचं पीककर्ज अडतं. आपण त्या रानात एक पाभर तरी धरली का?"

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. "सही न देणारा भाऊबंद राहतो. सही दिली की पाहुणा होतो."

"भाऊबंद राहून आपण त्यांना दिलं काय? कचेरीचे खेटे!"

"तुझं खरं आहे. पण बघ, १९५६ साली बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, भालकी-हुमनाबाद म्हैसुरात, जहीराबाद आंध्रात. आपल्याला कुणी विचारलं नाही. मराठी गावांसाठी महाराष्ट्र २००४ साली सुप्रीम कोर्टात गेला, दावा अजून चालू आहे. आणि आपला दावा मी स्वतःच्या हातानं सोडू?"

"राज्याचा दावा वेगळा, अण्णा. इथं समोर सरकार नाही, काका आहेत. ज्यांनी गाव सोडलं नाही त्यांच्याच हातापायात आपलं नाव अडकतंय."

मला हे आजही पटतं. आठवण ज्याची त्यानं सांभाळावी, तिचा भार कसणाऱ्याच्या अंगावर टाकू नये.

भालकीच्या अलीकडे मांजरा ओलांडली. अण्णांनी काच खाली केली. "निजामाच्या दप्तरात हेच नाव उर्दूत होतं. आता कन्नडात आहे. लिपी बदलली, राज्य बदललं, नाव जागेवरच राहिलं. आपल्या घरात न हललेली तेवढी एकच गोष्ट."

"आणि माझं? २००५ च्या कायद्यानं मुलीलाही जन्मानं वाटा आहे. वकील म्हणतो, माझीही सही लागेल. मला विचारलंत का कधी?"

ते चपापले. "नाही विचारलं," एवढंच म्हणाले.

रानात कडब्याची कोप उभी होती, आत चुना लावलेले पाच पांडव. कन्नडातल्या एळ्ळ अमावास्येची आपण येळवस केली. सीमेच्या दोन्हीकडची रानं आज माणसांनी भरलेली, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून पानावर बसवतात. काकूंनी भज्जी, उंडे वाढले, आंबिलीचा तांब्या पुढं केला. काकांनी कागदांचा विषय काढला नाही. मीच काढला.

तेव्हा त्यांनी घडी घातलेली पहाणी आणली. कन्नड अक्षरांत मला काहीच लागेना. त्यांच्या शाळकरी नातीनं ओळीखाली बोट धरलं आणि माझ्या आजोबांचं नाव, बापाच्या नावासकट, मोठ्यानं वाचलं. मग विचारलं, "हे कोण?"

"माझे आजोबा," मी म्हणाले.

अण्णांनी खिशातून पेन काढलं होतं. टोपण उघडून ते माझ्याकडे बघत होते.

"जरा थांबा, अण्णा," मी म्हणाले. "तिला पुन्हा एकदा वाचू द्या."