नवा गडी

अंजनगाव सुर्जीच्या एका बारी कुटुंबात दोन भाऊ होते. वाडवडिलांचा पानमळा, त्याला लागून पानपिंपरीचं वावर. थोरला पदवीधर, तालुक्याची सगळी कामं त्याच्याकडं. धाकटा शाळा संपल्यावर मळ्यातच रमला. थोरला कष्टाळू होता, मायवर जीव टाकणारा होता, पण कोणाला काही विचारणं त्याच्या जिवावर येई. विचारलं की आपलं अडाणीपण चव्हाट्यावर येतं, असं त्याला वाटे. गावात ते निभून गेलं, कारण गावात त्याला सगळंच ठाऊक होतं.

एके वर्षी मायच्या गळ्याला गाठ आली. अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासण्या करून परळच्या टाटा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. एसटीनं अकोटमार्गे अकोला गाठलं आणि तिघं रात्रीच्या गाडीत बसले. माय खिडकीशी टेकून जुन्या शकुंतला रेल्वेच्या आठवणी काढत होती. अंजनगावच्या स्टेशनावर एक रूळ, एक गाडी. चढलं की मूर्तिजापूर. चुकायची सोयच नव्हती.

पहाटे दादर आलं. मध्य आणि पश्चिम, दोन्ही रेल्वे इथं शेजारी शेजारी. फलाट एक ते चौदा. डिसेंबर 2023 पासून हे क्रमांक सलग झाले आहेत, तरी जुन्या सवयीनं कोणी वेगळाच आकडा सांगतो. जिन्यावर माणसांचा लोंढा. मायनं दोन्ही लेकरांचे हात घट्ट धरले.

दादर पूर्वेला संत गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. टाटात येणाऱ्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना ती आधार देते. तिथं तिघांची सोय झाली. दुसऱ्या दिवशी थोरला म्हणाला, "मी फाईल घेऊन पुढं जातो, नंबर लावतो. तू मायले घेऊन मागून ये."

"कसं जाच, ते कोणाले इचारून घेऊ ना दादा," धाकटा म्हणाला.

"मोबाइलमंधी सगळं हाय. दादरनंतर परळ, एकच तर स्टेशन!"

मोबाइल खोटं सांगत नव्हता. दादरच्या पुढचं स्टेशन परळच. पण थोरला ज्या गाडीत चढला ती जलद होती. फलाटावरच्या पाटीवर वेळेशेजारी ते लिहिलेलं होतं, त्याला मात्र त्या अक्षराचा अर्थ माहीत नव्हता. शेजारी शंभर माणसं उभी होती. "ही परळला थांबते का?" एवढं एकालाही विचारलं असतं तर पुरलं असतं. परळचा फलाट डोळ्यांसमोरून सरकत गेला आणि गाडी थांबली ती भायखळ्याला. उलट्या दिशेची गाडी कोणत्या फलाटाला लागते हेही त्यानं विचारलं नाही. पाट्या वाचत पूल चढला, उतरला, पुन्हा चढला. अमरावतीहून आणलेल्या काचपट्ट्या आणि अहवाल त्याच्या पिशवीत होते.

इकडं धाकट्यानं धर्मशाळेच्या दारातच एका बाईला विचारलं. तिचा नवरा बरेच दिवस उपचार घेत होता. ती म्हणाली, "टाटाला इथून लोकल कशाला? आईंना जिने चढायला लावू नका. बाहेरच्या रस्त्यावरून बस मिळते. कंडक्टरला आधी सांगून ठेवा, तो उतरवतो." मग आणखी म्हणाली, "पुढं कधी लोकलनं जायची वेळ आलीच, तर दिव्यांगांच्या डब्यात बसा. कॅन्सरच्या रुग्णांना तिथं बसता येतं." माय आणि धाकटा आरामात पोचले आणि फाईलची वाट पाहत बसले. थोरला घामाघूम होऊन आला तेव्हा त्या दिवसाची नोंदणी होण्यापुरताच वेळ उरला होता. डॉक्टरांची भेट दुसऱ्या दिवसावर गेली.

मायनं त्याला पाणी दिलं. तो खाली मान घालून बसला होता. ती म्हणाली, "काहून रे बाप्पा, आपल्या पानमळ्यात नवा गडी आला आन् कोनतं पान खुडू, कोनतं ठेवू म्हून इचारलं, त त्याले तू हासतं का?"

"नाही माय. न इचारता खुडलं त मी रागावतो. वेल खराब होते."

"मंग इथं नवा गडी कोन हाय?"

थोरला काही बोलला नाही. रात्री धर्मशाळेत गाडगेबाबांच्या तसबिरीपुढं तो बराच वेळ बसून होता. बाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 चा, शेंडगावचा, म्हणजे त्याच्याच तालुक्यातला. लहानपणी त्यानं आजोबांकडून ऐकलं होतं, की बाबांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. समोरच्या खेडुताला ते साधे साधे प्रश्न विचारत आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसानं विचारत विचारत सगळा महाराष्ट्र जागा केला. परमुलखात आलेल्या गरिबाला डोकं टेकायला जागा हवी, म्हणून धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्याच नावाच्या छपराखाली आपण आहोत आणि साधी वाट विचारायला लाजतो आहोत, हे थोरल्याला फार लागलं.

दुसऱ्या दिवसापासून तो विचारू लागला, आणि विचारण्याचीही एक रीत असते हे त्याला उमगलं. चालत्या माणसाला अडवायचं नाही. उभ्या असलेल्याला, दुकानदाराला, पोलिसाला विचारायचं. जिन्याच्या तोंडाशी न थांबता कडेला व्हायचं. लांबण न लावता आधी ठिकाणाचं नाव घ्यायचं. 'ही गाडी कुठं जाते?' यापेक्षा 'परळला थांबते का?' हा प्रश्न बरा, त्याचं उत्तर हो किंवा नाही असंच येतं. प्रभादेवी स्टेशनाला जुनी माणसं अजून एल्फिन्स्टन म्हणतात, हेही त्याला असंच कळलं. मुंबईचा माणूस घाईत असतो, तरी चालता चालता हातानं दिशा दाखवतो. कोणी त्याला हसलं नाही.

मायचा उपचार लांबला, तशा मुंबईच्या खेपाही वाढल्या. एकदा दादरच्या पुलावर एक म्हातारा हातात टाटाची चिठ्ठी घेऊन कठड्याला टेकून उभा दिसला. धोतर, टोपी आणि डोळ्यांत तीच धास्ती. थोरल्याला घाई होती, तरी तो थांबला. "कुठचे बाबाजी?" म्हातारा दर्यापूरकडचा निघाला. थोरल्यानं त्याला बसपर्यंत नेलं, कंडक्टरला सांगितलं, नोंदणीच्या खिडकीवर कोणते कागद लागतात ते समजावलं. म्हातारा हात जोडू लागला तेव्हा त्यानं ते हात खाली घेतले आणि म्हणाला, "माह्यं काही नाही यात. मलेही कोनी तरी सांगितलंच व्हतं. तुमाले जे कळलं ते पुढच्याले सांगा, म्हंजे झालं."

बोध: परक्या शहरात प्रत्येक शहाणा माणूस नवा गडीच असतो. विचारल्यानं मान जात नाही. न विचारल्यानं मात्र वेळ जातो, आणि कधी त्याची किंमत आपल्या माणसाला मोजावी लागते. विचारून मिळालेली वाट आपल्यावरचं ऋण असते. ज्यानं सांगितली तो गर्दीत निघून गेलेला असतो, म्हणून ते ऋण पुढं येणाऱ्या नवख्याला वाट सांगूनच फेडायचं.