दूरशिक्षण आणि परिचर्येची पदवी

परिचर्येसारखी विद्या घरबसल्या संपादन करता येईल काय, असे कोणी विचारल्यास आपल्यापैकी बहुतेक जण चटकन नकारार्थी मान हलवतील. आमच्या मते हा नकार थोडा घाईचा आहे. आपल्या अनेक कुटुंबांत कोणी ना कोणी नर्स आहे, तेव्हा या प्रश्नाचा नीट विचार व्हावयास हवा.

न्यूयॉर्क राज्यात १९७१ साली बहिःस्थ पदवीची एक योजना सुरू झाली. आज तिचेच एक्सेलसियर विद्यापीठ झाले आहे. माणसाला काय येते ते पाहावे, तो ते कोठे शिकला याची चौकशी करू नये, हे तिचे मूळ तत्त्व. पुढे परिचर्येची पदवीही या मार्गाने मिळू लागली. कनिष्ठ श्रेणीच्या नर्सेस, रुग्णवाहिकेवरील सेवक, लष्करातील वैद्यकीय सहायक असे रुग्णसेवेत आधीच मुरलेले लोक आपापल्या गतीने अभ्यास करून एकेका विषयाची परीक्षा देत. वर्ग नाही, हजेरी नाही.

यात आम्हाला न्याय दिसतो. जिने पंधरा वर्षे वॉर्डात काढली, जिच्या पगारावर घर चालते, तिने नोकरी सोडून पहिल्या बाकावर येऊन बसावे, हा आग्रह कशासाठी? परंतु दुसरी बाजूही आहे. घरे बांधूनच माणूस गवंडी होतो, असे ॲरिस्टॉटल सांगतो. आणि वाईट बांधून वाईट गवंडी होतो, हेही तोच सांगतो. जाणत्याच्या नजरेखाली न झालेला सराव चुकीचीही सवय घट्ट करतो. कॅलिफोर्निया राज्याने डिसेंबर २००३ पासून या योजनेत नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना परवाना न देण्याचे ठरवले. हा निर्णय कठोर खरा. पण खाटेवरच्या रुग्णाला आपली नर्स निवडता येत नाही, हे विसरून कसे चालेल?

या योजनेची अंतिम परीक्षा कित्येक वर्षे इस्पितळातच, खऱ्या रुग्णांच्या सान्निध्यात, दोन-तीन दिवस चालत असे. परीक्षक शेजारी उभा. निर्जंतुकतेचा नियम मोडला किंवा रुग्णाच्या शरीराला धोका पोहोचला तर नापास, हे समजण्यासारखे आहे. पण रुग्णाच्या मनाला इजा पोहोचली तरीही नापास, असा नियम तेथे होता. आम्ही सेमिनरीत नीतिशास्त्राच्या कितीतरी परीक्षा दिल्या. कोणाचे मन दुखावले म्हणून कोणी अनुत्तीर्ण झाल्याचे स्मरत नाही!

तरीही शंका उरतेच. परीक्षक समोर असताना मृदू बोलणे कोणालाही जमेल. पहाटे तीन वाजता तोच म्हातारा चौथ्यांदा घंटा वाजवतो, तेव्हाची मृदुता कोण तपासणार? नावाजलेल्या कॉलेजातसुद्धा ती तपासली जात नाही. उलट, आपल्या गतीने शिकणाऱ्या नर्सला एकटेपणाचा हा सराव अनायासे घडतो. धडा समजून वाचला की परीक्षेपुरते प्रश्न हेरले, हे तिच्या सदसद्विवेकबुद्धीवाचून कोणाला ठाऊक नसते.

आपल्याकडे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ साली नर्सेससाठी पदवीचा अभ्यासक्रम आणला. तो पदविका घेतलेल्या, नोंदणी झालेल्या व सेवेत असलेल्या नर्सेसपुरता होता, आणि प्रात्यक्षिके प्रत्यक्ष हजर राहूनच करावी लागत. म्हणजे हाताला वळण गुरूच्या देखरेखीखाली आधीच लागलेले. दुरून मिळवायची ती त्यापुढची समज. हा क्रम आम्हाला अमेरिकेतील योजनेपेक्षा अधिक सुरक्षित वाटतो.

मात्र ही पदवी घेणाऱ्या नर्सच्या घरी ड्युटीनंतर रात्री अकरालाही दिवा जळत असतो. 'आता या वयात पदवी कशाला?' असे विचारणारी मंडळी आम्हाला अधूनमधून भेटतात. त्या वेळी घरची भांडी कोण घासत होते, एवढेच त्यांना विचारावेसे वाटते.