कळवतो

दोन रविवार मिळून मी ३७ जणांना ‘कळवतो’ म्हणालो. पहिल्या रविवारी बारामतीत २३, दुसऱ्या रविवारी इंदापुरात १४. त्यातल्या दोघांना खरंच कळवलं. उरलेल्या ३५ जणांचे नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहेत.

गोष्ट तशी साधी आहे. आम्ही चौघं कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. एकानं गाणं लिहून चाल लावली होती, एकाकडं कॅमेरा होता, एकाला एडिटिंग येत होतं आणि मला माणसांशी बोलता येतं असा सगळ्यांचा समज होता. गाणं एकतर्फी प्रेमाचं. तो उसाच्या ट्रॉलीवरून तिला बघतो, ती एसटीच्या खिडकीत असते, फोन वाजतो, ती उचलत नाही. बजेट ११ हजार, तेही वर्गणी काढून. ‘गाण्यासाठी नवे चेहरे हवेत’ असं पोस्टर मोबाईलवरच बनवलं आणि स्टेटसला लावलं. संध्याकाळपर्यंत ते कुणाकुणाच्या स्टेटसवर गेलं होतं याचा हिशोब राहिला नाही.

बारामतीत आणि इंदापुरात, दोन्हीकडं ओळखीच्या क्लासचे हॉल रविवारपुरते मिळाले. इंदापूरच्या हॉलमध्ये फळ्यावर त्रिकोणमिती तशीच राहिली होती. पोरं दहाच्या आधीच येऊन बसली होती. एक जण भावाच्या लग्नातला ब्लेझर घालून आला होता. एक जण एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून, न झोपता. निमगाव केतकीचा एक मुलगा पानमळ्यातलं काम अर्धवट टाकून आला होता, बोटं अजून हिरवट होती. एका मुलीची आई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिली आणि तिनं पहिलाच प्रश्न विचारला, “तुम्ही कुणाकुणाची पोरं?” आम्ही गावं सांगितली, आडनावं सांगितली, तेव्हा कुठं ती जरा सैल झाली.

११ हजारांच्या गाण्यासाठी एवढी माणसं का आली? इंदापूर तालुका संपतो तिथं सराटीला नीरा नदी आहे. पलीकडं अकलूज. तिथल्या शाळेत शिकणाऱ्या रिंकू राजगुरूला नागराज मंजुळेंनी ‘सैराट’साठी निवडलं आणि २०१६ साली तिचं नाव घराघरांत गेलं. उजनीच्या पाण्यापलीकडं करमाळा तालुका. तिथल्या केम गावचा सोमनाथ अवघडे ‘फँड्री’तला जब्या झाला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्या-मुंबईच्या मुलांना ‘एक दिवस कुणीतरी येईल आणि आपल्याला निवडेल’ हे स्वप्न वाटत असेल. आमच्याकडं ते नदीपलीकडं घडलेलं आहे. त्यामुळं आमच्या पोस्टरला आमच्या लायकीपेक्षा जास्त वजन मिळालं. आम्ही उसन्या विश्वासावर ऑडिशन घेत होतो आणि ते आमच्या लक्षातही नव्हतं.

मुलींना आम्ही एकच प्रसंग दिला होता. ‘फोन वाजतोय, तुला उचलायचा नाही. का, ते तू ठरव.’ मी मागं बसून खरोखरच फोन लावायचो. बहुतेक जणींनी फोनकडं बघून डोळे भरले, काहींनी तो छातीशी धरला. इंदापूरच्या यादीत अकरावी आली ती एफवायची मुलगी, लहान भावाला सोबत घेऊन. फोन वाजला तसा तिनं तो टेबलावर पालथा ठेवला. मग खाली वाकून फळ्याखाली पडलेले खडूचे तुकडे गोळा करायला लागली. एक तुकडा, दुसरा तुकडा. मध्येच हात फोनच्या दिशेनं अर्धा गेला, थांबला, आणि तिसरा खडू उचलून परत आला. फोन वाजायचा थांबला तेव्हा हॉलमध्ये कुणी बोललं नाही.

रात्री बारामतीला परतताना गाडीत चर्चा झाली. लासुर्णे मागं पडेपर्यंत तिच्याबद्दलच बोलत होतो. मग एक जण म्हणाला, “केलं भारी. पण खिडकीतल्या शॉटला चेहरा उजळ दिसला पाहिजे रे. आपल्याकडं लाइट कुठंयत?” लाइट नव्हते हे खरंच होतं. मी “हां, ते पण आहे” म्हणालो. आम्ही बारामतीची एक मुलगी निवडली. तिचा काहीच दोष नाही. तिनं दोन दिवस उन्हात उभं राहून मन लावून काम केलं, आणि तिचे फॉलोअर्सही होते. पण एक गोष्ट मला खूप नंतर सुचली. आम्ही निवडलेला मुलगा त्या खडूवाल्या मुलीपेक्षा सावळा होता. त्याच्या वेळी लाइटचा विषय निघाला नव्हता.

गाणं यूट्यूबवर आलं. मित्रांनी शेअर केलं, नातेवाइकांनी हार्ट टाकले, महिनाभरात सगळे विसरले. त्यानंतर एकदा बारामतीच्या एसटी स्टँडवर ती दिसली. तिनंच हाक मारली, “दादा, त्या गाण्याचं काय झालं? तुम्ही कळवणार होता.” मी म्हणालो, झालं ते, आलं पण. ती क्षणभर थांबली. मग तिनं विचारलं, “माझं काय चुकलं तेवढं सांगा ना. पुढच्या वेळी सुधारता येईल.”

मी म्हणालो, “तुझा आवाज थोडा कमी पडला.”

आमच्या व्हिडिओत कुणाच्याच तोंडी एक शब्दही नाही. पण तिला ते माहीत नव्हतं. ती म्हणाली, “बरं. आवाजावर काम करते.” आणि इंदापूरची गाडी लागली म्हणून पळाली.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख. मला सोडवायचा आहे तो प्रश्न असा: आपण ज्याला निवडत नाही, त्याचं आपण काही देणं लागतो का? लागत असू, तर काय?

पहिलं उत्तर पटकन येतं. काही नाही. ती स्वतःहून आली, कुणी वचन दिलं नव्हतं, गाणं आमचं, निवड आमची. नाटक-सिनेमात असंच चालतं. मोठ्या ऑडिशनला हजारो माणसं येतात, कुणाकुणाला फोन करायचा? पण आमच्याकडं हजारो नव्हती, ३५ होती. एक मेसेज लिहून ३५ ठिकाणी पाठवायला चहा निवेपर्यंतचा वेळ लागला असता. आणि वचन दिलं नव्हतं हेही खोटं आहे. ‘निवडतो’ असं वचन नव्हतं, ‘कळवतो’ असं होतं. महिलांना एसटीला २०२३पासून अर्धं तिकीट आहे, म्हणून तिचा खर्च कमी झाला असेल. पण रविवार तिचा पूर्ण गेला होता, आणि त्यानंतरचे वाट बघण्याचे दिवस कुठल्याच तिकिटात मोजले जात नाहीत.

हा शब्द आम्ही शोधून काढलेला नाही. आपल्या घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. मुलगी बघायला जायचं, पोहे खायचे, चार प्रश्न विचारायचे आणि उठताना म्हणायचं, ‘कळवतो.’ पुढं आठ-पंधरा दिवस काही आलं नाही की समोरच्यांनी समजून घ्यायचं. आपल्याला वाटतं की हा सभ्यपणा आहे, तोंडावर नाही म्हणून कशाला दुखवा? पण बघा, गप्प राहिल्यानं नकाराचं कारण नाहीसं होत नाही. ते शोधायचं काम फक्त समोरच्या माणसावर पडतं. आणि एकटा माणूस असं कारण शोधायला लागला की त्याला बहुतेक वेळा स्वतःतलंच काहीतरी सापडतं.

दुसरी अडचण खरी आहे. भूमिकेसाठी माणूस निवडणं म्हणजे परीक्षेचा निकाल नव्हे. तिथं चेहरा, उंची, वय हे सगळं बघावंच लागतं. १९५२ साली बॉस्टनच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रानं वादक निवडताना मध्ये पडदा लावला. वाजवणारा दिसायचा नाही, फक्त ऐकू यायचा. पुढं अमेरिकेतल्या अनेक वाद्यवृंदांनी ही पद्धत घेतली. व्हायोलिनसाठी ते बरोबरच आहे, कारण व्हायोलिनला चेहऱ्याशी काही घेणंदेणं नाही. गाण्याच्या व्हिडिओत चेहरा हाच कच्चा माल. पडदा लावून उपयोग काय?

पण चेहरा बघायचा म्हणजे नक्की काय बघायचं, हे ठरलेलं नसतं. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती करायला बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्याच काळात मराठी रंगभूमीवर बालगंधर्व स्त्री-भूमिका करत होते आणि प्रेक्षक त्यांच्यावर जीव टाकत होते. म्हणजे पुरुषाला राणी मानायला आपण तयार होतो. ‘हिला असंच दिसायला हवं’ हा भूमिकेचा नियम वाटतो, पण पुष्कळदा ती आपली सवय असते. आम्ही चौघांनीही ‘फँड्री’ पाहिला होता. आपल्या काळ्या रंगानं खंतावणारा जब्या पाहून गप्प झालो होतो. आणि लासुर्ण्याजवळ आम्हाला लाइट आठवले.

मग गरज कुठली आणि सवय कुठली, हे ओळखायचं कसं? जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यानं १७९५ साली ‘शाश्वत शांतता’ या निबंधात एक कसोटी सांगितली होती. दुसऱ्याच्या हक्काशी संबंध असलेलं एखादं काम ज्या तत्त्वावर केलं, ते तत्त्व उघडपणे सांगता येत नसेल तर ते काम अन्यायाचं आहे. तो राजे आणि राष्ट्रांबद्दल बोलत होता, पण क्लासच्या हॉललाही ही कसोटी लागू पडते. ‘तू हिरोपेक्षा फार उंच आहेस’ हे सांगता येतं. ‘शूटिंगच्या तारखांना तुझी परीक्षा आहे’ हे सांगता येतं. ‘दुसरीनं जास्त चांगलं केलं’ हे जड जातं, पण सांगता येतं. स्टँडवर माझ्या तोंडून खरं कारण निघेना, तिथंच आमची निवड नापास झाली होती.

एवढ्यावर थांबलं तर मात्र पळवाट राहते. काही लोकांना कशाचीच लाज नसते. ‘गोरी वधू पाहिजे’ हे आपण वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत पैसे भरून छापत आलो. कारण उघड होतं, म्हणून ते न्याय्य झालं का? मला वाटतं, उघड सांगणं पुरेसं नाही. सांगून झाल्यावर समोरच्या माणसाच्या पुढच्या प्रश्नासाठी थांबावं लागतं. समजा मी तिला म्हणालो असतो, “आमच्याकडं लाइट नव्हते, तुझा रंग कॅमेऱ्यात आला नसता.” तिचा पुढचा प्रश्न सरळ होता. “आणि तो मुलगा?” आमचं कारण या तीन शब्दांपुढं टिकलं नसतं. ‘कळवतो’ म्हणून गप्प बसण्यात मला आता खरा अन्याय दिसतो तो इथं. तिला नाकारण्याचा आम्हाला अधिकार होता. तिचा प्रश्न काढून घेण्याचा नव्हता. आणि स्टँडवर तिनं तो कसाबसा विचारलाच, तेव्हा मी तिला खोटं उत्तर देऊन चुकीच्या रस्त्यानं पाठवलं.

म्हणजे देणं लागतोच. ते भूमिकेचं नाही, सहानुभूतीचं नाही. वेळेवर दिलेलं उत्तर आणि विचारलं तर खरं कारण, एवढंच. यातून निवडणाऱ्याचाही फायदा आहे. कारण सांगावं लागणार हे आधीच माहीत असेल, तर गाडीत बसून ‘हां, ते पण आहे’ म्हणणं अवघड जातं.

हे सगळं सुचल्यावर मी तिला फोन केला. ओळख सांगितली. म्हणालो, “आवाजाचं मी खोटं बोललो. तुझं काही चुकलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यात चांगलं तूच केलं होतंस. आम्ही रंग बघितला.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. पलीकडं कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग म्हणाली, “मला वाटलंच होतं.” आणि थोड्या वेळानं, “दादा, हे आता सांगून तुम्हाला बरं वाटलं का?”

मी खरं ते सांगितलं. हो, थोडं बरं वाटलं.

“मला नाही वाटलं,” ती म्हणाली. “तेव्हाच सांगितलं असतं तर भांडले तरी असते.”

तिनं फोन ठेवला. उरलेल्या ३४ जणांना मी त्या आठवड्यात मेसेज केले. बऱ्याच जणांनी ‘कोण?’ म्हणून विचारलं.