सकाळच्या पावलांच्या खुणा



मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आपल्या युवकांना हिमालयाचे वेध लागतात. यंदा एक गट आशीर्वाद मागायला आला तेव्हा मी त्यांना एक अनुभव सांगितला. त्यात चूक माझीच आहे, म्हणून तुम्हालाही सांगतो.

२०१८ च्या मे महिन्यात काही तरुणांबरोबर मी हिमाचल प्रदेशातील सार पासला गेलो होतो. उंची सुमारे १३,८०० फूट. मे महिन्यातही वर हिवाळ्यातला बर्फ शिल्लक असतो आणि तो मोठा फसवा. रात्री गोठून दगडासारखा होतो, म्हणून पहाटे अंधारातच निघायचे. ऊन चढले की तोच भुसभुशीत होतो. उन्हाने खडक तापतात, त्यांच्या कडेचा बर्फ आतून वितळतो आणि वर नुसता पापुद्रा राहतो. ओढ्यांवरच्या बर्फाखालून पाणी वाहत असते, वरून काही कळत नाही.

आम्ही निघायलाच उशीर केला. (एकाचा मोजा सापडत नव्हता!) अकराच्या सुमारास आमचा गाइड थांबला आणि परत फिरू म्हणाला. मुलांचे चेहरे उतरले. समोर तर पावलांच्या ठशांची सरळ रांग होती. "एवढे लोक गेलेच ना?" मी विचारले. "फादरजी, वो सुबह के निशान हैं." तरी मी म्हणालो, थोडे पुढे जाऊन पाहू. तो काही बोलला नाही, पुढे झाला. एका खडकाजवळ तो कमरेपर्यंत आत गेला. ओढून बाहेर काढला तेव्हा नडगी सोलून निघाली होती. मग आम्ही परत फिरलो.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाचे आठ घटक सांगितले आहेत. त्यांतला एक म्हणजे परिस्थितीचे भान: एरवी चांगले असलेले कृत्य भोवतालच्या परिस्थितीमुळे वाईट ठरू शकते. सेमिनरीत परीक्षेत मला यावर चांगले गुण मिळाले होते! ते ठसे खोटे नव्हते, पण ते सकाळी सहाच्या बर्फाविषयी सांगत होते.

मला अधिक टोचते ते गाइडचे गप्प राहणे. मी ती संमती समजलो. थोड्या महिन्यांच्या हंगामावर ज्याचे घर चालते, तो पाहुण्यांना, त्यातून एका फादरला, दुसऱ्यांदा 'नाही' कसा म्हणेल? धाडस माझे होते, पाय त्याचा होता.

गटातला एक जण म्हणाला, "पण फादर, पोप अकरावे पायससुद्धा गिर्यारोहक होते." खरे आहे. १८८९ साली, साधे धर्मगुरू असताना, ते मोंटे रोझा चढले होते, आणि पोप झाल्यावर १९२३ मध्ये त्यांनी संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते घोषित केले. घरी बसा असे मीही म्हणत नाही. पण जो पडतो त्याच्यासाठी दुसऱ्याला खाली उतरावे लागते. ज्याला उतरावे लागणार, त्याचा शब्द शेवटचा असावा. आणि तो त्याला निर्धास्तपणे उच्चारता यावा. निघण्याआधीच सर्वांसमोर त्याला सांगा: तू म्हणशील तिथून परत फिरू, पैसे पूर्ण देऊ.

एका मुलीने विचारले, "तुम्ही त्याची क्षमा मागितली का?"

मागितली. त्याच संध्याकाळी, त्याच्या पायाला पट्टी बांधताना. तो हसून म्हणाला, "कोई बात नहीं, फादरजी." हे त्याने मनापासून म्हटले की पाहुण्याला म्हणतात तसे, ते मला अजून कळलेले नाही.