न्यायाला संमती लागते काय?

गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर वाणिज्य शाखेत शिकणारा एक तरुण माझ्यापाशी थांबला. व्याजावर उभ्या असलेल्या व्यवस्थेने गरिबाची काय दशा केली आहे, हे तो पोटतिडकीने सांगत होता आणि त्यात खोटे काही नव्हते. शेवटी त्याने विचारले, "मौलाना, ज्याने माणूस निर्माण केला त्यानेच अर्थव्यवहाराचे नियमही दिले. जकात दिली, व्याज निषिद्ध ठरवले, वारसांचे हिस्से ठरवून दिले. न्याय काय हे ठाऊक असताना लोकांची मते मोजत कशाला बसायचे? बहुमत तर नेहमीच चुकते."

त्या रात्री मी त्याला दिलेले उत्तर माझ्याच मनाला पटले नाही. पुढे विचार करताना जाणवले की हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. विसाव्या शतकात ज्यांनी सोव्हिएत देशात शेतकऱ्यांची जमीन आणि पशुपालकांचे कळप सामूहिक मालकीत ओढून घेतले, त्यांनाही न्याय काय हे ठाऊक असल्याची पक्की खात्री होती. त्यानंतरच्या दुष्काळात युक्रेनमध्ये लाखो माणसे मेली. कझाकस्तानात, जेथील भटके पशुपालक आपलेच धर्मबंधू होते, दहा लाखांहून अधिक माणसे उपासमारीने गेली. ज्यांच्या कल्याणासाठी ती व्यवस्था आणली असे सांगितले जात होते, त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि उपाशी मरताना 'हे थांबवा' असे म्हणण्याची सोयही त्यांच्यासाठी ठेवलेली नव्हती.

तेव्हा प्रश्न नीट मांडू या. एखादी सामाजिक वा आर्थिक व्यवस्था खरोखर न्याय्य असेल, तर ती लोकांना न विचारता लागू करणे योग्य ठरते काय?

आपल्या परंपरेत याचे उत्तर शोधताना मला प्रथम उहुदची लढाई आठवते. मदीनेतच राहून शत्रूला तोंड द्यावे, असा प्रेषितांचा (स.) कल होता. परंतु अनेकांचा, विशेषतः बद्रमध्ये सहभागी होण्याची संधी हुकलेल्या तरुणांचा, आग्रह मदीनेबाहेर पडून लढण्याचा होता. प्रेषितांनी (स.) त्यांचे ऐकले. त्या दिवशी सुमारे सत्तर सहाबा शहीद झाले आणि स्वतः प्रेषितही (स.) जखमी झाले. आता, 'लोकांना विचारले आणि पाहा काय झाले' असे म्हणण्यास यापेक्षा मोठे कारण कोणते असू शकेल? तथापि याच प्रसंगाच्या संदर्भात अवतरलेल्या सूरह आलि-इम्रानच्या 159व्या आयतीत आज्ञा आली ती याच लोकांना क्षमा करण्याची, त्यांच्यासाठी क्षमायाचना करण्याची आणि कामकाजात त्यांच्याशी सल्लामसलत करण्याची. ज्यांचा सल्ला महागात पडला होता, त्यांनाच पुन्हा विचारायचे! ज्यांच्याकडे ईश्वरी संदेश येत होता त्यांना ही आज्ञा होते, तर ज्यांच्याकडे केवळ पुस्तके आणि पदव्या आहेत त्यांनी या आज्ञेतून स्वतःला वगळावे, हे मला समजत नाही.

कोणी म्हणेल, ती युद्धनीतीची बाब होती, अर्थव्यवस्थेचे काय? त्यासाठी हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील एक प्रकरण पाहावे लागेल. काझी अबू यूसुफ यांनी खलीफा हारून अल-रशीद यांच्यासाठी लिहिलेल्या 'किताबुल खराज' या ग्रंथात ते नोंदलेले आहे. इराक जिंकल्यावर तेथील 'सवाद' नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुपीक जमिनीचे काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. रूढ पद्धतीप्रमाणे ती लढलेल्या सैनिकांत वाटली जावी, अशी मागणी होती. हजरत उमर यांचे मत वेगळे होते. ही जमीन आज वाटली तर मागाहून येणाऱ्यांच्या वाट्याला काय उरेल? विधवांना, अनाथांना, सीमांच्या रक्षणाला पैसा कोठून येईल? जमीन कसणाऱ्यांकडेच ठेवावी, तिच्यावर कर बसवावा आणि तो सर्वांच्या कामी यावा, असे त्यांचे म्हणणे होते. आजच्या भाषेत बोलायचे तर ती एक पर्यायी अर्थव्यवस्थाच होती.

खलीफा म्हणून त्यांना फर्मान काढता आले असते. त्यांनी चर्चा घडवली. हजरत अली, हजरत उस्मान आणि हजरत तलहा (रजि.) त्यांच्या बाजूने होते. अब्दुर्रहमान बिन औफ, जुबैर आणि बिलाल (रजि.) विरोधात होते. होय, तेच बिलाल, जे एके काळी मक्केत गुलाम होते आणि आता खलीफाच्या तोंडावर त्याचे म्हणणे अमान्य करत होते. वाद काही दिवस चालला. बिलाल आणि त्यांच्या सोबत्यांच्या बाबतीत अल्लाहनेच आपल्याला पुरे व्हावे, अशी दुआ हजरत उमर यांच्या तोंडून निघाल्याचेही त्या ग्रंथात आले आहे. हे वाचताना मला नेहमी हसू येते. पण बिलाल यांना गप्प बसवले गेल्याची नोंद मात्र कोठे सापडत नाही. अखेर अन्सारमधील औस व खजरज या दोन्ही कबिल्यांतून पाच-पाच प्रतिष्ठित व्यक्तींना बोलावले गेले. मी तुमच्यातलाच एक आहे, माझ्या इच्छेमागे तुम्ही यावे असे मला वाटत नाही, अशा आशयाचे बोलून हजरत उमर यांनी आपली बाजू मांडली. सूरह अल-हश्रच्या आयतींचा, ज्यांत संपत्ती केवळ श्रीमंतांमध्येच फिरत राहू नये असे म्हटले आहे आणि नंतर येणाऱ्यांचाही उल्लेख आहे, त्यांनी आधार घेतला. ज्या मताला स्वतः खलीफाचा आणि कुरआनचा आधार होता, तेही लोकांना पटवून द्यावे लागले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवणे भाग आहे. सवादची जमीन कसणाऱ्या इराकी शेतकऱ्यांना त्या सल्लामसलतीत जागा नव्हती. त्यांच्या हिताचा विचार झाला, परंतु त्यांचे मत विचारले गेले नाही. त्या युगात जगातील कोणत्याच राज्यात जिंकलेल्या प्रजेला असे विचारत नसत. पण विचारणाऱ्यांचे वर्तुळ कोठवर पसरावे, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यासमोर उघडा आहे.

भारतात तो प्रश्न संविधान सभेत आला. 15 नोव्हेंबर 1948 रोजी प्रा. के. टी. शाह यांनी सुचवले की भारताला संविधानातच 'समाजवादी' संघराज्य म्हणावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला विरोध केला. विरोध करणारा माणूस कोण होता हे विसरू नये. याच बाबासाहेबांनी 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात प्रमुख उद्योग, विमा आणि शेतीही राज्याच्या मालकीची असावी आणि हे संविधानातच लिहिले जावे, असे मांडले होते. सभेत मात्र त्यांचा युक्तिवाद असा होता की समाजाची सामाजिक आणि आर्थिक घडी कशी असावी, हे काळ व परिस्थिती पाहून लोकांनी स्वतः ठरवायचे आहे. संविधानाने ते आधीच ठरवून टाकले तर लोकशाहीच नष्ट होईल. आज समाजवाद चांगला वाटत असेल, उद्या विचारी माणसे त्याहून चांगली रचना शोधून काढतील, त्यांचे हात का बांधावेत? शिवाय उपजीविकेची साधने आणि संपत्तीचे केंद्रीकरण यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे संविधानात होतीच, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

दीड वर्षापूर्वी मांडलेल्या भूमिकेपासून बाबासाहेब दूर गेले असे काहींना वाटते. मला त्यांच्यात एकाच माणसाची दोन भये दिसतात. एक भय 25 नोव्हेंबर 1949च्या भाषणात आहे: राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि त्या मताला समान मूल्य, परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता कायम, असा विरोधाभास फार काळ टिकला तर ज्यांना विषमतेचे चटके बसतात तेच लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील. दुसरे भय 1948च्या भाषणात आहे: न्यायाच्या नावाने लोकांचे विचार करण्याचे स्वातंत्र्यच हिरावले जाईल. पुढे 1976 साली 42व्या घटनादुरुस्तीने 'समाजवादी' हा शब्द उद्देशिकेत आला. तेव्हा आणीबाणी चालू होती आणि विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात होते. शब्द न्यायाचा होता. तो लिहिताना विचारायचे ज्यांना, ते कोठडीत होते.

माझा तरुण मित्र येथे थांबणार नाही, हे मला माहीत आहे. तो म्हणेल, हजरत अबू बक्र (रजि.) यांनी जकात नाकारणाऱ्यांविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा कोठे मतदान घेतले होते? हजरत उमर यांनी सुरुवातीला शंका घेतली, तरी ते मागे हटले नाहीत. हा आक्षेप वजनदार आहे. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे याचे उत्तर असे, की जकात हा श्रीमंताचा उपकार नसून त्याच्या मालातील गरिबाचा हक्क आहे, आणि कोणाचा हक्क बुडवावा काय, हा प्रश्न बहुमताच्या अधिकारात येत नाही. आपल्या संविधानानेही मूलभूत हक्क साध्या बहुमताच्या आवाक्याबाहेर ठेवले आहेत. श्रद्धावंतासाठी व्याजाचा निषेधही बहुमताने बदलणारा नाही. परंतु ज्या देशात नाना धर्मांची माणसे एकत्र राहतात, तेथे व्याजमुक्त व्यवहार कसा उभारावा, कोणत्या नियमांनी चालवावा, त्याचा भार कोणी उचलावा, या गोष्टी विचारूनच ठरवाव्या लागतात. आणि शेजाऱ्यावर तो लादण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याच्यासमोर नमुना मांडण्याचा आहे.

नमुन्याची गोष्ट निघाली तर महाराष्ट्राने एक नमुना पाहिला आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 साली शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. सावकार आणि खासगी कारखानदार यांच्या कचाट्यातून सुटण्याचा तो मार्ग होता. सहकारी कायद्याचे तत्त्व विलक्षण आहे: शेअर्स कितीही असोत, सभासदाला मत एकच. भांडवलाच्या घरात माणसाला मोजण्याची ही रीत मला शूराच्या फार जवळची वाटते.

मग हा नमुना झाकोळला का? विरोधात मत दिले तर आपल्या उसाला तोड वेळेवर मिळेल काय, ही धास्ती मी सभासद शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. उभा ऊस वाळू लागला की मताचे स्वातंत्र्य पुस्तकात राहते. आणि तो ऊस तोडायला बीडकडून येणारी कुटुंबे, ज्यांत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो, जी मुकादमाकडून उचल घेऊन सहा-सहा महिने पालावर राहतात, त्यांना त्या कारखान्यात मतच नाही. सवादच्या शेतकऱ्यांप्रमाणे ती वर्तुळाबाहेरच राहिली. सहकाराचा दोष बहुमतात होता असे मला वाटत नाही. ज्याला भाकरीसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते त्याचे मत मोकळे राहत नाही, आणि ज्याचे मत मोकळे नाही त्याच्या भाकरीची वाटणी दुसराच करतो.

हे दुसऱ्यांविषयी बोलणे सोपे आहे. मी स्वतः एका बिनव्याजी पतसंस्थेचा सभासद आहे. तिचा हेतू पवित्र आहे आणि तिच्यामुळे कितीतरी घरे सावकाराच्या दारातून परतली आहेत. तरीही गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेला संचालकांशिवाय आम्ही सात जण होतो. मागील सभेचे इतिवृत्त वाचले गेले, अहवाल, हिशोब, सारे 'मंजूर, मंजूर' म्हणत पाव तासात आटोपले आणि बिर्याणी आली. कर्जावर आकारले जाणारे सेवाशुल्क प्रत्यक्ष खर्चावर आधारलेले आहे की कर्जाची रक्कम आणि मुदत वाढेल तसे वाढते, हे मला विचारायचे होते. दुसरी पद्धत असेल तर आपण नाव बदलून व्याजच घेत आहोत की काय, ही शंका येते, आणि तिचा बोजा कर्ज घेणाऱ्या भाजीवाल्यावर, शिवणकाम करणाऱ्या बहिणीवर पडतो. मी विचारले नाही. वातावरण सौहार्दाचे होते, अध्यक्ष वयोवृद्ध होते आणि मी इमाम. सभेत वाद घालणे बरे दिसले नसते, असे मी स्वतःला सांगितले. बिलाल (रजि.) यांच्यावर मी किती खुतबे दिले आहेत, ते मोजलेले नाही.

यंदाच्या सभेची सूचना आली आहे. विषयपत्रिकेत सेवाशुल्काचा विषय नाही. मी लेखी प्रश्न पाठवला आहे आणि ज्या बहिणींनी कर्ज घेतले आहे त्यांनाही सभेला येण्याचा आग्रह केला आहे. त्यांतील दोघींनी होकार दिला आहे. त्या वाणिज्य शाखेच्या तरुणालाही, त्याचे वडील सभासद असल्यामुळे, मी हिशोबाची पत्रके पाहायला दिली. दोन दिवसांनी तो ती परत घेऊन आला. शुल्काच्या रकान्याखाली त्याने पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढले होते.