तीन वर्षांची मुदत

आश्विन महिन्यातले ऊन हा आमच्याकडे पांघरुणांचा वार्षिक हक्क आहे. पावसाळाभर माळ्यावर दमट होऊन पडलेल्या गोधड्या, वाकळा आणि रजया दिवाळीच्या झाडलोटीत खाली उतरतात आणि कुंपणांवर, बाजांवर, गच्च्यांवर पसरल्या जातात. तीन वर्षांपूर्वी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी कळमन्यातील आमच्या घराच्या कुंपणावरून माझ्या आईने शिवलेली गोधडी नाहीशी झाली. दुपारी दोन वाजता ती तिथे होती. चारला मी चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा भिंत मोकळी होती.

सायकल चोरीला गेली तर लोक हळहळतात. घड्याळ गेले तर किंमत विचारतात. गोधडी गेली म्हणून सांगितले की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग, आपण हसायला नको होते, असे त्याच्या ध्यानात येते. मीही चौकीवर गेलो तो थोडा ओशाळूनच गेलो. तेथील लेखनिकाने मात्र हसू दाबून, अगदी रीतसर, दोन प्रश्न विचारले : वस्तूचे वर्णन काय आणि किंमत किती? किमतीचे उत्तर मला देता आले नाही, ह्याचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते वर्णनाचे. पन्नास वर्षे जी पांघरली तिच्याविषयी मी एवढेच सांगू शकलो : जुनी, रंगीबेरंगी, थोडी जड. अशा वर्णनाची गोधडी ह्या शहरात घरोघरी आहे.

घरी येऊन मी ताईला फोन केला. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिने न अडखळता सांगावयास सुरुवात केली. मधला चौक आजीच्या नागपुरी लुगड्याचा. काठ तांबडा, पण धुवून धुवून विटकरी झालेला. डाव्या अंगाला बाबांच्या दोन धोतरांची पाने. बाबा एम्प्रेस मिलच्या विणकाम खात्यात होते. १८७७ साली जमशेटजी टाटांनी उभी केलेली ती गिरणी आता उरलेली नाही; पण तिथल्या खाकी कापडाची एक पट्टी उशाकडच्या बाजूला होती. पायथ्याशी माझ्या शाळेच्या सदऱ्याची बाही होती. एका कोपऱ्यावर हळदीचा डाग, कारण आईने ती ताईच्या लग्नाच्या आठवड्यात पुरी केली. दोरे कडेकडून आत गेलेले, चौकोनात चौकोन, आणि आतल्या तीन रांगा वाकड्या. "त्या मी घातल्या होत्या," ताई म्हणाली, "आईनं त्या उसवल्या नाहीत."

माझ्या शाळेच्या सदऱ्याची बाही माझ्या पायांवर पन्नास वर्षे होती आणि मला ती ठाऊक नव्हती!

हरवलेल्या वस्तूंविषयी आपल्या जुन्या शास्त्रकारांनी बराच विचार केलेला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे, की ज्याचा मालक सापडत नाही असे द्रव्य राजाने तीन वर्षे राखून ठेवावे. त्या अवधीत मालक आला तर ते त्याचे, नंतर राजाचे. मात्र "हे माझे" म्हणून येणाऱ्याला राजाने प्रश्न करावेत. वस्तूचे रूप कसे, संख्या किती, हे ज्याला बरोबर सांगता येईल त्यालाच ती द्यावी. ह्या कसोटीला लावले तर त्या गोधडीची मालकीण ताई ठरते. मी केवळ तिचा वापर करणारा. चोराने माझ्याकडून जे नेले त्यातला मोठा भाग मी माझ्या दुर्लक्षाने आधीच गमावून बसलो होतो.

कौटिल्य तर आणखी पुढे जातो. चोरीचा माल राजाला परत मिळवून देता आला नाही, तर राजाने तो स्वतःच्या द्रव्यातून भरून द्यावा, असे अर्थशास्त्र सांगते. राज्यकर्त्यांवर एवढी जबाबदारी टाकणारा हा विचार मला फार आवडतो. पण आमच्या बाबतीत राजाने खजिन्यातून काय काढून दिले असते? धान्याला धान्य, सोन्याला सोने देता येते. ताईच्या तीन वाकड्या रांगांची भरपाई कोणत्या नाण्यात करावयाची?

तीन वर्षे हा आकडा माझ्या मनात बसला आणि मी मनाशी एक सोयीचा करार केला. तीन वर्षे शोधावे, आशा धरावी. मग सोडून द्यावे. येत्या धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी ती मुदत संपते. हे मी एका वकीलमित्राला सहज बोललो, तेव्हा त्याने माझी चूक दुरुस्त केली. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातही हरवलेल्या किंवा चोरीला गेलेल्या विशिष्ट जंगम वस्तूसाठी तीनच वर्षे आहेत. पण ती चोरीच्या दिवसापासून धरत नाहीत. ती वस्तू कोणाच्या ताब्यात आहे हे मालकाला प्रथम कळते, त्या दिवसापासून ती धरतात. "म्हणजे तुझी मुदत संपायची राहिली दूर," तो म्हणाला, "ती अजून सुरूच झालेली नाही."

हे ऐकून मला आनंद व्हावयास हवा होता. झाला नाही. कारण त्या तीन वर्षांत आशेने माझे काय केले होते, ते मला ठाऊक होते.

कळमन्याचा बाजार ज्यांनी पाहिला असेल त्यांना तिथला हिवाळा वेगळा सांगावयास नको. संत्री, धान्य, आणि थंडीच्या दिवसांत लाल मिरची. मिरचीची पोती उतरू लागली की वाऱ्याबरोबर ठसका घरापर्यंत येतो. माल घेऊन आलेले शेतकरी, गाड्यांवरचे लोक, हमाल, मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाया, ह्यांतले कितीतरी जण रात्री तिथेच कुठे आडोशाला अंग टाकतात. नागपूर उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध असले तरी इथली थंडी काही खोटी नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. मी पहाटे फिरावयास जातो तो ह्याच रस्त्याने. पूर्वी मला तिथे झोपलेली माणसे दिसत. चोरीनंतर माणसे दिसेनाशी झाली आणि पांघरुणे दिसू लागली. तांबडा काठ दिसला की मी थांबे. खाकी पट्टी दिसली की एक पाऊल पुढे टाकी. ज्याच्या अंगावर गोधडी, त्याच्याविषयी माझ्या मनात आधी संशय आणि मग, निराशा झाल्यावर, थोडा रागही. गरिबाची गोधडी त्याची स्वतःचीच निघाली, ह्याचा राग!

पहिल्याच हिवाळ्यात एकदा मी ह्याहून पुढे गेलो. बाजाराच्या भिंतीशी एक बाई शेकोटीपाशी बसली होती आणि तिच्या खांद्यांवरच्या वाकळेला विटकरी काठाचा चौक होता. मी जवळ जाऊन म्हणालो, "बाई, ही गोधडी कुठून घेतली?"

माझा स्वर तिने बरोबर ओळखला. गरीब माणसाला तो स्वर ओळखण्याचा सराव असतो. ती उठली, वाकळ अंगावरून काढून तिने ती माझ्यासमोर उलगडून धरली आणि म्हणाली, "पाहून घ्या जी, काकाजी. माह्या सासूनं शिवेल हाय. हा तुकडा सासऱ्याच्या धोतराचा. हा माह्या पोराच्या झबल्याचा. अन् तुम्ही पाहता थो काठ माह्या लग्नातल्या लुगड्याचा हाय. आता तुमची कशी होती थे सांगा."

मी ताईचा पाठ म्हटला. खाकी पट्टी, सदऱ्याची बाही, हळदीचा डाग. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "मंग हे नोहे," आणि वाकळ पुन्हा अंगावर घेऊन खाली बसली. मी जाऊ लागलो तेव्हा मागून म्हणाली, "सापडन जी. वाकय कोनी फेकत नाही."

मनूच्या कसोटीला ती बाई पहिल्या फटक्यात उतरली होती आणि मी तिच्यासमोर ताईची घोकंपट्टी करीत होतो. मी क्षमा मागितली. पण थंडीत एका बाईला अंगावरचे पांघरूण काढून दाखवावे लागले, ते क्षमेने भरून येत नाही. माझी वस्तू चोरीला गेली होती हे खरे. त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या अंगावर हात टाकण्याचा अधिकार मला आला होता काय?

इथे कोणी म्हणेल, की खऱ्या चोराविषयी तरी तुमचा राग योग्यच आहे. आहेच. परंतु ह्या रागाचे नेमके रूप ठरवणे मला जमत नाही. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जी गर्दी लोटते, तीत चीवर ल्यालेले भिक्षू दिसतात. ते चीवर तुकडे जोडून शिवलेले असते. मगधातल्या भातखाचरांचे बांध दाखवून बुद्धाने आनंदाला तशी शिवण करावयास सांगितले, ही महावग्गातली कथा. तिथे तुकड्यांच्या वस्त्राचा एक गुण असा सांगितला आहे, की ते श्रमणाला शोभते आणि वैऱ्यांना त्याचा लोभ सुटत नाही. आमच्याच वऱ्हाडातले गाडगेबाबा चिंध्या अंगावर घेऊन गावोगाव झाडू मारीत हिंडले. लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. तुकड्यांची वस्तू म्हणजे जिचा मोह कोणाला होऊ नये अशी वस्तू. मग जो ती नेतो त्याला मोह झाला नसणार, थंडी वाजली असणार.

हा युक्तिवाद मला पुष्कळ दिवस पुरला. पुढे लक्षात आले, की तो मला फार सोयीचा आहे. हल्ली शहरातल्या शोभिवंत दुकानांतून हातशिवणीच्या गोधड्या चांगल्या किमतीला विकल्या जातात. तेव्हा मोह होणारच नाही, असे बुद्धाच्या काळी म्हणता आले तसे आज म्हणता येत नाही. शिवाय चोर थंडीने कुडकुडणारा होता असे मी धरून चाललो, तर त्यात त्याच्यापेक्षा माझाच मोठेपणा अधिक. मला चोर ठाऊक नाही. जो ठाऊक नाही त्याला क्षमा करणे आणि जो ठाऊक नाही त्याला शिव्या देणे, दोन्ही सारखेच पोकळ आहे.

अवघड प्रश्न वेगळाच आहे. समजा, गोधडी उद्या सापडली, आणि ती अशा माणसाच्या अंगावर सापडली की ज्याने आठवडी बाजारात चार पैसे मोजून ती प्रामाणिकपणे घेतली. वकीलमित्र म्हणतो, कायदा स्पष्ट आहे. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याप्रमाणे विकणाऱ्याला जो हक्क नाही तो तो घेणाऱ्याला देऊ शकत नाही. एरवी, चोराकडून घेतलेली वस्तू शेवटी मालकाचीच. म्हणजे डिसेंबरच्या रात्री मी त्या माणसाला म्हणू शकतो, "काढ." त्याच्या बदल्यात मी त्याला नवा ब्लँकेट देऊ शकतो, आणि तो अधिक उबदारही असेल. पण ती तीन वर्षे त्याच्या घरात राहिली असेल, तर तिला एखादे नवे ठिगळ लागले असेल. त्याच्या पोराच्या झबल्याचे. ते मी उसवून परत देणार काय?

१९८७ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानावर एक गोधडी पसरली होती. एड्सने गेलेल्यांच्या आप्तांनी आणि मित्रांनी शिवलेले, प्रत्येकी सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असे १,९२० तुकडे तिच्यात होते आणि त्यांवर गेलेल्यांची नावे होती. तिकडे घरगुती गोधड्यांच्या पाठीवरही शिवणारणीचे नाव आणि साल टाकण्याची रीत आहे. चोरीला गेलेली ओळखावयास ते उपयोगी पडते. आईने नाव घातले नाही. तिला लिहिता येत होते. पण गोधडी घराबाहेर जाईल आणि कोणाला तरी ती कोणाची हे वाचून समजून घ्यावे लागेल, हे तिच्या मनात आले नसावे. घरातल्या माणसांनी ती न वाचता ओळखावी, एवढीच तिची अपेक्षा असणार. त्या अपेक्षेला मी उतरलो नाही.

म्हणून मुदत संपत आल्यावर मी काय ठरवले आहे ते सांगतो. आशा ठेवावी, पाळत ठेवू नये. गोधडी सापडली तर तिच्यावरचा हक्क मी सोडणार नाही. चोरीला चोरीच म्हणेन. परंतु मागण्यापूर्वी ती ज्याच्या अंगावर असेल त्याच्याशेजारी बसून, तिच्यात आता काय काय आहे ते त्याच्याकडून ऐकून घेईन. त्याला ते माझ्याहून अधिक सांगता आले, तर पुढे काय करावयाचे ते मला आज ठरवता येत नाही, आणि ते आज ठरवू नये असेच मला वाटते.

काल घरच्या उरलेल्या दोन गोधड्या कुंपणावर पडल्या. सौभाग्यवतींनी बजावून सांगितल्यामुळे मी वर्तमानपत्र घेऊन तिथेच खुर्ची टाकून बसलो होतो. त्यांतली एक सासूबाईंच्या हातची. तिच्यात किती तुकडे आहेत आणि कोणाकोणाचे, ते मी सौभाग्यवतींना विचारून वहीत लिहून घेतले आहे, बावीस निघाले. दुपारी एक पोरगा रस्त्याने जाताना भिंतीपाशी घटकाभर थांबला. वर्तमानपत्राच्या कडेवरून माझे डोळे सरळ त्याच्या हातांकडे गेले. तो चप्पलेचा अंगठा नीट करीत होता. तो झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले, आणि मी वर्तमानपत्र खाली ठेवून त्याला विचारले, "पाणी पाहिजे काय रे?"